खिडकीजवळची खाट

४ जानेवारी

राजधानीत, व्हिएंतियानला पोचले. घरून, फोन्सावनहून, बसने अकरा तास. घाटात दोनदा उलटी झाली, पण आनंद काही कमी झाला नाही. गेस्ट हाउसची मालकीण बुआवान मावशी मला बघताच म्हणाली, "फोटोत अंगाने बरी दिसत होतीस. तुला आधी खाऊ घालायला हवं," आणि वाफाळत्या नूडल्सचा वाडगा पुढ्यात ठेवला. जिन्याखालची खोली माझी एकटीची. घरी आम्ही पाचजणी एका मच्छरदाणीत झोपायचो. काम सोपं आहे : पाहुण्यांची नावं लिहायची, खाटा दाखवायच्या, बसची तिकिटं काढून द्यायची. गल्लीच्या टोकाला मेकाँग.

६ जानेवारी

पाहुणे सगळे परदेशी, तरुण, पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे. दुपारी येतात, कपडे धुवायला टाकतात, नदीवर सूर्य बुडताना बघतात आणि सकाळी नऊच्या बसने उत्तरेला जातात. मावशी म्हणते, यांना राजधानी नकोच आहे, नुसती अंघोळ हवी आहे.

आज तीन वाजता मारित आली. नॉर्वेची, माझ्याच वयाची, उन्हाने नाकाचं साल निघालेलं. एका रात्रीपुरती खाट मागितली, खिडकीजवळची. माझ्या नावाचा अर्थ विचारला. सेंगदाव म्हणजे चांदण्यांचा उजेड, असं सांगितलं तर तिने ते वहीत लिहून घेतलं. इतक्या आपुलकीने कोणी विचारत नाही. मी कच्च्या पपईची कोशिंबीर आणली. पायरीवर बसून आम्ही खूप हसलो. उठताना पाहिलं तर तिची ताटली भरलेलीच होती.

७ जानेवारी

नऊला मारितला बसमध्ये बसवून आले. तीनला ती पुन्हा दारात. बस बिघडली असेल असं वाटलं. पण तिने मला ओळखलं नाही. एका रात्रीपुरती खाट मिळेल का, खिडकीजवळची? तुझ्या नावाचा अर्थ काय?

मावशीने मान वर केली नाही. "दे खाट. वहीत नाव लिहू नकोस."

८ जानेवारी

आजही तसंच. नऊला गेली, तीनला आली. तिच्या खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती नाही. धुणं धुणाऱ्या थोंगलाताईने ती चादर हातात घ्यायला नकार दिला. मला मागच्या अंगणात नेऊन, प्राण अंगातच राहावा म्हणून तिने माझ्या दोन्ही मनगटांवर पांढरे दोरे बांधले आणि हळूच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एक बस घाटातून खाली गेली. मारित तिच्यात होती. आईवडील येऊन शव घेऊन गेले. तिचा प्राण मात्र इथेच राहिला. त्याला वाटतं, आपण वाटेत एक रात्र थांबलोय. उद्या पुढे जायचंय.

माझ्या आधी इथे फेतसामोन नावाची मुलगी होती. तिला मारितची दया आली. बसमध्ये सोबत जाऊन बसली, म्हणजे मारित एकदाची पुढे जाईल. बस पोचली. फेतसामोन तिच्यात नव्हती.

९ जानेवारी

मारितने आज नाव विचारलं नाही. दारातूनच म्हणाली, "सेंगदाव."

११ जानेवारी

दोरे रोज सकाळी उशीवर सुटून पडलेले. थोंगलाताई पुन्हा बांधते. मारित आता नऊला जात नाही. खिडकीपाशी बसून माझ्याकडे बघत राहते. रागाने नाही — रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. एकटीने खूप कंटाळा येतो, म्हणाली.

१२ जानेवारी

नोकरी सोडते, असं मावशीला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तिने जवळ घेतलं, रडली. म्हणाली, "जा पोरी, आईकडे जा. तिकीट मी काढते."

थोंगलाताई दाराआडून काहीतरी खुणावत होती. मावशीने तिला बाजारात पाठवलं.

१३ जानेवारी, सकाळ

बसमध्ये आहे. नऊची बस. फोन्सावनला जायलाही त्याच घाटातला हा एकच रस्ता — हे मला काल का सुचलं नाही. मावशी खाली उभी राहून माझ्याकडे न बघता हात जोडत होती.

शेजारची जागा रिकामी आहे. बस भरलेली आहे, लोक उभे आहेत, तरी तिथे कोणी बसत नाही.

दुपार

कंडक्टरला म्हटलं, त्या म्हातारीला बसू दे. तो म्हणाला, तिकीट विकलेलं आहे. गेस्ट हाउसच्या बाईने दोन काढली, जोडीने. दर वेळी दोनच काढते.

दर वेळी. म्हणजे फेतसामोनही आपणहून गेली नव्हती —

रिकाम्या जागेकडे बोट करून तो विचारत होता, सोबतची पोरगी कुठे उतरली?

मी इथेच उतरते, असं म्हटलं. बस घाटात थांबत नाही, म्हणाला.

मनगटावर दोरे नाहीत. घाट लागला. खिडकी माझ्या बाजूला होती, आता मारितच्या बाजूला — तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलंय, ओझं काहीच लागत नाही. पुढची माणसं मागे वळून बघतात, त्यांना मी दिसत ना