ईशूचा तोल

१० मार्च, मंगळवार
ईशूच्या कांजण्यांच्या खपल्या पडल्या. आज कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं न्हाऊ घातली. पाच वर्षांची नात, दहा दिवसांत पार वाळली. मग रीतीप्रमाणं दहीभात घेऊन अनवाणी बांधावरच्या देवीला. चालताना पाय फाकून झुलत होती. मला वाटलं अशक्तपणा. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आय अजून अंगात हाय तिच्या. झुलतीय बघा कशी. पाया पडा गं." बायका पडल्या. मीही पडले. ईशूला लई मजा वाटली. "आजी, अजून एकदा."

११ मार्च
अंगणात दोनदा पडली. जाऊबाई म्हणतात शुक्रवारपातुर कळ काढ, आय आपणहून जाईल. मी बरं म्हटलं.

१२ मार्च, गुरुवार
सकाळी चमचा तोंडाऐवजी गालाला लागला. हात कापतोय. बोलताना जीभ जड. चूल विझवली, पुतण्याच्या गाडीवर नारायणगाव. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं, ईशूनं डोळ्याजवळ लावलं. म्हणाल्या, कांजण्या गेल्या, पण त्यांच्यामागून मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला सूज आलेली दिसते. पुण्याला न्या, आजच.
"कधीपासून झोक जातोय?"
"मंगळवारपासून."
"मग काल का नाही आणलंत?"
पाया पडत होतो, हे कसं सांगू.

१३ मार्च, पुणे
माझा संदीप आणि सून सारिका भोसरीहून कालच दवाखान्यात पोचले. दोघांची नोकरी, म्हणून आजारात पोर माझ्या हवाली केलेली. सुनेला सगळं सांगितलं, पाया पडल्याचंसुद्धा. तिनं ईशूची चादर नीट केली. मग, "आत्या, तुम्ही तर पुस्तकं वाचता." एवढंच. भांडली असती तर बरं.
वाचलं होतं. नखं कापा, पाणी पाजा, खाजवू देऊ नका. तोलाचं कुठं नव्हतं. ह्यांना पुस्तक लागलंच नसतं. पहिल्या झोक्याला पोर खांद्यावर टाकून निघाले असते. सहा वर्षं झाली ह्यांना जाऊन. अजून अशा वेळी मान वळते दाराकडं.

१५ मार्च, रवि.
एमआरआय झाला. मोठे डॉ. म्हणाले, बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. आठवडे लागतात, कधी महिने. दोन दिवस आधी आणली असती तरी फार फरक पडला नसता. सारिकेनं ते ऐकलं. थोड्या वेळानं मला चहा आणून दिला, बिनसाखरेचा, न विचारता.
मी "बहुतेक" शब्द घेऊन बसले दिवसभर.

२४ मार्च
गावी घरी आलो. सारिकेनं रजा टाकलीय. ओट्यावर खडूची रेघ मारलीय, रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून चालायचं. ईशू रेघेवर सोडून सगळीकडं जाते. "रेघच वाकडी हाय," म्हणाली.
जाऊबाई आल्या, उंबऱ्याबाहेरच उभ्या.
"माझ्यामुळं झालं व्हय गं?"
"डॉक्टर न्हाई म्हणतात."
"तू काय म्हणती?"
सगळ्या पाया पडल्या तेव्हा मी तरी कुठं वेगळी उभी राहिले होते? म्हटलं, तिचा दुसरा हात धरा. धरला. तिघी गेलो रेघेवरून. जाऊबाईंचे गुडघे दुखरे, ईशूपेक्षा त्याच जास्त झुलत होत्या. ईशू हसून हसून बेजार.

२ एप्रिल, गुरुवार
चमचा आता तोंडात जातो. बोलणं सुटं होतंय. दुपारनंतर मात्र पाय दमतात, मग चिडते, खडू फेकते. जूनमध्ये पहिलीत घालायचीय. सारिका भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, जमंल ना तिला? पोरं हसतील का?" मी तव्यावरची भाकरी उलटली.

९ एप्रिल
सकाळी कोंबडीमागं हात सोडून निघाली. रेघ नाही, भिंत नाही. मी मोजत होते. नवव्या पावलाला झोक गेला, मातीत बसकण. मी आणि सारिका, दोघी धावलो. तिनं हात वर करून थांबवलं.
"मी पडले न्हाई. बसलीय."
सारिकेनं माझ्याकडं बघितलं. आम्ही होतो तिथंच थांबलो. ओठ दाबून, दोन्ही तळवे मातीत रोवून ती उठायला लागली.