अकरापानी उपदेश

३ फेब्रुवारी
तुरुंगात उपदेश करायला मी जाणार! पाळकसाहेबांच्या पाठीत उसण भरलीय, म्हणून त्यांनी मला विचारलं. वरवर म्हटलं, मी कसला करणार, प्रभूच करवून घेईल. मनात म्हटलं — माणूस बरोबर निवडला! जन्म मुख्याध्यापकीत गेला. माझ्यापुढे पाचवी 'ड'सुद्धा चिडीचूप बसायची. कैदी म्हणजे काय, मोठी पाचवी 'ड'च.

५ फेब्रुवारी
उपदेश लिहून झाला. अकरा पानं. तीन मुद्दे, तिन्ही 'प'चे — पाप, पश्चात्ताप, परिवर्तन. शेवटचं वाक्य मीच दोनदा वाचलं. हिला वाचून दाखवलं. ही मटार सोलत होती. म्हणाली, छान आहे, पण प्रार्थना कधी करणार? म्हटलं, वेळ मिळाला की.

७ फेब्रुवारी
आरशापुढे तालीम. हातवारे उत्तम!

८ फेब्रुवारी
लिहायचीही लाज वाटते. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

फाटकावरच्या शिपायाने झडती घेतली. कोरे-लिहिलेले कुठलेच कागद आत न्यायचे नाहीत म्हणाला. अकरा पानं टेबलावर. मग चष्मा — धातूची काडी चालत नाही. तोही टेबलावर. मी आत गेलो तो जवळजवळ आंधळा आणि पूर्ण रिकामा.

समोर चाळीसेक धूसर डोकी. पहिला 'प' आठवला. दुसरा आठवेना. मग पहिलाही गेला! तेवढ्यात कुणीतरी तुरुंगातला नवा करार हातात दिला, मोठ्या अक्षरांचा. उघडला आणि पहिलंच पान निघालं — येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. थांबलो तर काय बोलणार? म्हणून डोळे बारीक करून वाचत सुटलो. मागे कुणीतरी जोरात जांभई दिली.

मध्येच एका उंच कैद्याने विचारलं, ही मधेच बाई कोण? सांगावं लागलं — वेश्या होती. सगळे ताठ बसले. आणि हा राजा? तेही सांगितलं — त्याने दुसऱ्याची बायको आणली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. मग प्रश्नांवर प्रश्न. मी आपला जेवढं माहीत तेवढं सांगत गेलो, हातवारे न करता. घंटा झाली तरी कुणी उठेना.

निघताना तो उंच — त्याला सगळे लंबू म्हणतात — जवळ आला. म्हणाला, "असल्या लोकांचीसुद्धा नावं लिहिलीत का यात? आमच्या घरी तर माझं नाव काढत नाहीत." त्याच्या बापाचं बस आगाराच्या मागे इस्त्रीचं दुकान आहे. म्हातारा एकदाही भेटायला आलेला नाही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, तुमचे कागद बाहेर राहिले म्हणून बरं झालं.

१० फेब्रुवारी
लंबूच्या बापाला जाऊन समजवायचं ठरवलं. काय बोलायचं ते लिहून काढलं. चार मुद्दे. ही कागदाकडे नुसती बघत राहिली.

फाडला.

११ फेब्रुवारी
गेलो. म्हातारा इस्त्री फिरवत होता, वर बघेना. मी घसा खाकरला. तो म्हणाला, "कपडे असतील तर ठेवा, नाहीतर उजेड सोडा." मी, ज्याने शिक्षणाधिकाऱ्यांना भर सभेत गप्प केलं, तो अंगातला कोट काढून त्याच्यापुढे ठेवून मोकळा झालो! वर म्हटलं, उद्या नेतो. थंडीत कुडकुडत घरी आलो. हिने विचारलं, कोट कुठंय? सांगितलं. या वेळी ही हसली नाही.

गुडघे टेकले. एवढंच म्हटलं — प्रभू, माझ्याच्याने होत नाही. तूच बघ.

१२ फेब्रुवारी
कोट आणायला गेलो. कडक इस्त्री. त्यावर माझा तुरुंगाचा पास नीट ठेवलेला. खिशातच राहिला होता, मला पत्ताच नाही.

म्हातारा पासकडे बघत म्हणाला, "आत जाता तुम्ही?"
म्हटलं, हो.
इस्त्री हवेतच थांबली. मग त्याने विचारलं, "तिथे जेवण पोटभर देतात का?"
म्हटलं, देतात.
त्याने मान हलवली आणि पुढचा सदरा घेतला. मी कोट चढवला आणि निघालो.

१३ फेब्रुवारी
पाळकसाहेबांची पाठ बरी झाली. पुढच्या वेळी ते जातील म्हणाले. मनापासून बरं वाटलं. तासाभराने फोन — तुरुंगाधिकारी म्हणतात, तो चाचपडत वाचणाराच पाठवा. हे कौतुक की काय, कळेना!

१५ फेब्रुवारी
आज फाटकावर रांग होती. माझ्या पुढे तो म्हातारा. शिपायाने कैद्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं, पूर्ण नाव, स्वच्छ आवाजात. शिपायाने विचारलं, नातं?

"बाप."