पिल्लू आता भुंकत नाही

प्रिय आईस,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

ह्यांनी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. मुठीएवढा जीव, पण अंगात नुसती मस्ती! खाऊन झालं की मी त्याला लगेच अंगणात न्यायचे, तिथे शू केली की बिस्किटाचा तुकडा द्यायचे. भराभर शिकत होतं गं.

ह्यांची पद्धत वेगळी. मागच्या आठवड्यात त्यानं गालिचा ओला केला, तर ह्यांनी त्याला अडगळीच्या खोलीत कोंडलं आणि कामावर गेले. दिवसभर ते दार खरवडत होतं. मला राहवेना, मी बाहेर काढलं. संध्याकाळी हे ओरडले नाहीत. हसूनच म्हणाले, "तूच त्याला बिघडवतेस. आधी तुलाच वळण लावायला हवं."

आता पिल्लू भुंकत नाही. ह्यांची चाहूल लागली की पलंगाखाली शिरतं. हे सगळ्यांना सांगतात, बघा, कसं शहाणं झालं.

जाताना हे बाहेरून कुलूप लावतात. पिल्लू पळेल म्हणे. माझा फोनही ह्यांच्याकडेच असतो. हे पत्र शेजारच्या शिंपीणबाई खिडकीतून घेऊन पोस्टात टाकणार आहेत. उत्तर मात्र पाठवू नकोस, ह्यांच्या हाती पडेल.

दादाला इकडे पाठव. न कळवता येऊ दे, पिल्लू बघायला आलो म्हणावं. येताना एक मोठी पिशवी आण म्हणावं, पिल्लाला प्रवासात सांभाळून न्यावं लागेल. माझं काही सामान नाही. मी नेसत्या कपड्यांनिशी निघेन.

तुझीच,
धाकटी