ओसाकाचा वाडगा

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २००५
कॉलेज रोडवर दसऱ्याला ‘ओसाका’ नावाचं हॉटेल उघडलंय. पाटीवर लिहिलंय, ‘अस्सल जपानी रामेन’. नाशिकला एवढंच बाकी होतं. मालक कुणी ललित, मूळचा सटाण्याचा. पाच वर्षं ओसाकाच्या कुठल्याशा हॉटेलात होता म्हणे. सटाण्याने कांदा पिकवावा. तिकडे जाऊन भांडी घासली म्हणून कुणी जपानी होत नाही.

मी स्वतः १९९१ साली कंपनीतर्फे ओसाकाला अकरा दिवस होतो. रामेन म्हणजे काय (रश्शातल्या नूडल्स, वर अंडं) हे माहीत असलेला सातपूरच्या अख्ख्या कारखान्यांत तेव्हा एकच माणूस होता. नाव लिहीत नाही. डायरी माझीच आहे.

उद्या तपासणीला जाणार. छायाला सांगितलं. ती म्हणाली, तपासणी करा, पण जेवायचंही आहे ना? संसाराला तीस वर्षं झाली, बाईला मुद्दा कळत नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर
गेलो. दारातच कळलं. गल्ल्यावर ललितची आई लताबाई, नऊवारीत. समोर उदबत्ती आणि बडीशेपेची वाटी. ओसाकात बडीशेप नव्हती. शेजारच्या टेबलावर एका कुटुंबाने रामेन वन-बाय-टू मागितलं, वर कांदा-लिंबू. आणि वेटरने दिलं! त्यांची मुलगी त्याला जपानी मॅगी म्हणत होती. कुणी दटावलं नाही.

आमचे वाडगे आले ते वाफाळत. ओसाकाच्या वाडग्याला वाफ नव्हती. त्या नूडल्सवर एक तेज असायचं. अंडं बरोबर मधोमध कापलेलं, बलक जागच्या जागी. संध्याकाळी सातला जसं, तसंच साडेसातला. इथे दहा मिनिटांत सगळं फुगून बसलं.

व्हर्नियर काढला. (जाडी मोजायचा. निवृत्तीला कंपनीने दिला तो, वर नाव कोरलेला.) दहा नूडल्स पुसून मोजल्या. सर्वांत बारीक १.९ मिलिमीटर, सर्वांत जाड २.७. बत्तीस वर्षं कंपनीत बाहेरून येणारा माल तपासला. असला लॉट मी गेटच्या आत घेतला नसता. मोजणी होईतो रस्सा गार झाला. हाही दोष टिपून घेतला.

छायाने आपला वाडगा संपवला, मग माझा. म्हणाली, छान होतं. हिला लग्नाच्या पंगतीतला मसालेभातही छान लागतो.

निश्चय: या हॉटेलात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

मंगळवार, १८ ऑक्टोबर
पुन्हा गेलो. एकदा पाहून निकाल देणं शास्त्राला धरून नाही.

आज अभिप्राय वही मागितली. नव्हती! म्हटलं, ज्या हॉटेलात अभिप्राय वही नाही त्याने अस्सल हा शब्द पाटीवरून पुसावा. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. दोन टेबलं उठून गेली, म्हणजे लोकांना पटतंय.

ललित हात पुसत बाहेर आला. नम्र आहे. चुकीची माणसं नम्रच असतात. विचारलं, काका, ओसाकात तुम्ही कुठे खायचे? म्हटलं, स्टेशनजवळ, निळ्या पडद्याचं दुकान, अकरा दिवस रोज अर्धा तास अभ्यास केलाय. तो म्हणाला, तिथे सोयाच्या रश्शातलं खाल्लं का मिसोच्या? म्हटलं, अभ्यासाला खावं लागत नाही. बत्तीस वर्षं बेअरिंगं तपासली, एकही खाल्लं नाही.

त्याचं हात पुसणं थांबलं. नुसता बघत राहिला.

शनिवार, २२ ऑक्टोबर
वही ठेवली!! शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, पेन दोऱ्याने बांधलेलं. एका भेटीत शिस्त आली. लगेच लिहिलं: ‘रिजेक्शन नोट क्र. १. नूडल्सची जाडी असमान. अंडं मध्यापासून चार मिलिमीटर सरकलेलं. रश्शावर तेलाचे थेंब फिरतात, ते स्थिर हवेत. सुधारणा करून पुन्हा सादर करावे.’ सही, तारीख.

छाया म्हणाली, अहो, खाऊन तरी बघा एकदा गरम असताना. दुर्लक्ष केलं.

शनिवार, २९ ऑक्टोबर
नोट क्र. ४. आज २.८ ची नूडल सापडली. ललितला दाखवली. म्हणाला, हाताने कापतो काका, थोडं इकडेतिकडे होणारच. ‘होणारच’! हाच शब्द. याच शब्दापायी आपला देश मागे राहिला.

निश्चय: दिवाळीनंतर जाणं बंद.

बुधवार, ९ नोव्हेंबर, दुपारी
महेशचा फोन! माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता मॅनेजर. ओसाकाहून इशिदा-सान येताहेत, नवं मशीन बसवायला, मुक्काम तीन महिने. ९१ साली आम्हाला शिकवायला तेच होते. त्यांनी माझी आठवण काढली! महेश म्हणाला, सर, पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांना जेवायला तुम्ही न्याल का, मीही येतो. मग म्हणाला, पुढे सल्लागार म्हणूनही काही जमतं का बघू. आमच्या कंपनीत ‘बघू’ म्हणजे झालंच.

दोन वर्षं घरी बसून काढली. अजूनही सकाळी साडेसहाला कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते आणि मी उगाच गॅलरीत जाऊन उभा राहतो. हे छायाला माहीत नाही.

योजना: इशिदा-सानना थेट ‘ओसाका’मध्ये नेणार. पहिल्या घासाला त्यांचा चेहरा उतरेल. मग मी वही उघडून माझ्या नोटा दाखवणार. महेशदेखत कळेल की जपानी नजर असलेला माणूस या गावात एकच आहे. सटाण्याचा परस्पर निकाल.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर
व्हिजिटिंग कार्डं छापून आली. ‘वाल्मीक पाळदे, सल्लागार: जपानी गुणवत्ता व आहार.’ पाचशे.

काड्यांनी खाण्याचा सराव, दोन पेन्सिली घेऊन. चाळीस शेंगदाण्यांपैकी एक उचलला. शेंगदाणे निकृष्ट. मग घोटीच्या तांदळाच्या चिकट भातावर प्रयत्न केला. भात उचलला गेला. म्हणजे येतं मला.

छाया भिशीच्या बायकांना घेऊन ‘ओसाका’त जाऊन आली. परस्पर! लताबाईंशी मैत्रीही झाली. घरातूनच फितुरी.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर, सकाळी
आज. सफारी इस्त्री केली. व्हर्नियर पुसला. खिशात वीस कार्डं. वहीत एकूण सतरा नोटा आहेत. आता ललितची थोडी कीवच येते.

शनिवार, २६ नोव्हेंबर
काल जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण डायरीत पान मोकळं ठेवायची मला सवय नाही.

इशिदा-सान म्हातारे झालेत. वाडगा समोर आला तसे वाकले, डोळे मिटून वास घेतला आणि सुर्र आवाज करत खायला लागले. सगळं हॉटेल बघायला लागलं. शेवटी वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा प्याले. तळ दिसला.

मी वाट पाहत होतो, की आता चेहरा उतरेल.

त्यांनी ललितला बोलावलं. दोघं जपानीत पाच मिनिटं बोलले. योग्य वाटलं तिथे मी मान हलवत होतो. मग ते मोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, नूडल्स हाताने कापलेल्या, कमी-जास्त जाडीच्या, म्हणून रस्सा धरून ठेवतात, अशा आता ओसाकातही सहजी मिळत नाहीत. मी व्हर्नियर काढला. त्यांनी तो हातात घेतला, त्यावरचं माझं नाव वाचलं आणि व्हर्नियर चांगला आहे म्हणाले.

मग माझा नाइलाज झाला. महेशदेखत सांगून टाकलं. निळ्या पडद्याचं दुकान, त्याच्या काचेतला वाडगा. एकसारख्या नूडल्स, मधोमध अंडं, अकरा दिवसांत एक थेंब हलला नाही, त्याला रामेन म्हणतात.

इशिदा-साननी काड्या खाली ठेवल्या. आधी हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले. महेशला म्हणाले, ट्रेनिंगच्या त्या अकरा दिवसांत रोज संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या हॉटेलच्या खिडकीतून पाळदे-सानना त्या काचेसमोर उभं पाहायचो. आम्हाला वाटायचं, यांना घरची आठवण येते. मग ते वर यायचे, आणि खोलीतून चिवड्याचा वास यायचा. आणि म्हणाले, काचेतले वाडगे प्लॅस्टिकचे असतात. आत काय मिळतं ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून दुकानदार बाहेर मांडतात. खायचं ते आत असतं.

महेश वाडग्यात पाहत होता. ललित रिकामा वाडगा उचलून आत गेला. त्याला १८ ऑक्टोबरलाच कळलं असणार.

मला कसं कळणार? आपल्याकडे मिठाईवाल्याच्या काचेत जिलेबी असते ती जिलेबीच असते.

आत गेलो नाही हे खरं आहे. दार सरकवायचं की ढकलायचं कळत नव्हतं. आत गेल्यावर काय म्हणायचं, कशाने खायचं, कुणी हसलं तर. रोज ठरवायचो, उद्या जायचं. इतकंच.

कार्डं खिशातच राहिली.

रविवार, ४ डिसेंबर
महेशचा फोन नाही. रिसीव्हर दोनदा उचलून पाहिला, लाइन चालू आहे. लोक कामात असतात.

छायाकडून कळलं (तिला लताबाईंकडून): इशिदा-सानचा दुपारचा डबा रोज ‘ओसाका’तून कंपनीत जातो. ललितला कंपनीने गेटपास दिला. सटाण्याच्या माणसाला गेटपास! माझा निवृत्तीच्या दिवशी कात्रीने कापला होता.

छाया किराण्याची यादी माझ्या कार्डांच्या मागे लिहिते. कागद जाड आहे, म्हणते.

मंगळवार, ६ डिसेंबर
माझी पानं फाडून आणायला ‘ओसाका’त गेलो. आत न बसता, गल्ल्यापाशीच. वही पूर्ण चाळली. सतरा नोटा माझ्या. बाकी सगळी पानं कोरी. लताबाईंना विचारलं, इतर लोक लिहीत नाहीत? त्या म्हणाल्या, “भाऊ, ती वही तुमनाकरताच लयेल शे.” त्या दिवशी मी मोठ्याने बोललो आणि गिऱ्हाइकं उठून गेली, म्हणून ललित म्हणाला होता, काकांना लिहायला काहीतरी आणा, लिहिताना माणूस गप्प असतो.

पानं फाडली नाहीत. एवढ्या कोऱ्या वहीतून सतरा पानं गेली तर बांधणी सैल होते.

निश्चय: कॉलेज रोडने जायचं बंद. भाजीला गंगापूर रोडने जाणार, लांब पडलं तरी चालेल.

रविवार, ८ जानेवारी २००६
छायाने फसवून नेलं. म्हणाली, मैत्रिणीकडे हळदीकुंकवाचं सामान द्यायचंय. रिक्षा ‘ओसाका’समोर थांबली.

आत गेलो तर माझ्या नेहमीच्या टेबलावर एक वाडगा. वाफ नाही. नूडल्सवर तेज. अंडं बरोबर मधोमध. ओळखला. इशिदा-साननी ओसाकाहून मागवून घेतला, ‘पाळदे-सानसाठी’ म्हणून चिठ्ठी. ललित म्हणाला, काका, हवं तर घरी न्या, नाहीतर इथे दारात काचेत मांडू, तुमच्या नावाने.

चेष्टा आहे का, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. बसलो. व्हर्नियर काढला. वरच्या दहा नूडल्स मोजल्या. २.० मिलिमीटर. सगळ्या. अंडं मध्यापासून शून्य. रश्शावरचे थेंब स्थिर. बत्तीस वर्षांत असा लॉट हातात आला नव्हता. एकही दोष नाही.

अर्धा तास झाला असेल. शेजारी छाया सुर्र आवाज करत खात होती. इशिदा-सान इथे येतात, त्यांचं पाहून शिकली बहुतेक. मला भूक लागली. सकाळपासून नुसता चहा होता.

लताबाई आल्या. प्लॅस्टिकचा वाडगा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, आते खावाले काय देऊ?”

म्हटलं, आणा काय असेल ते.

व्हर्नियर डबीत ठेवला. वाडगा आला तसा तोंडाला लावला.

हे इतकं गरम असतं, ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. जीभ भाजली.