दारातला बांबू

रॉटरडॅम, १२ ऑगस्ट १९९६

नेंगाह एम्बोकच्या घरी आता जे कोणी राहत असतील त्यांस,

ओम स्वस्त्यस्तु. मी केतुत रिदेंग, नेंगाहचा सख्खा धाकटा भाऊ; थोरल्या बहिणीला आपल्याकडे एम्बोक म्हणतात, तसंच मी तिला म्हणतो. जहाजावरचा आचारी. बावीस वर्षांनी बालीला आलो होतो, आणि तेही पाहुण्यासारखा. २९ जुलैला हॉटेलवाल्याने दिवसभरासाठी गाडी आणि कोमांग नावाचा ड्रायव्हर करून दिला. माझी हॅट पाहून तो मोडक्या इंग्रजीत बोलू लागला. साहेब, बालीत पहिल्यांदाच का, असं त्याने विचारलं आणि मी हो म्हणालो. मग त्याने मला ज्वालामुखी दाखवला, भात कसा लावतात ते समजावलं, तिखट चालेल ना म्हणून काळजी केली. मी मान डोलवत राहिलो.

दुपारी तेजाकुलाला चल म्हटलं. तो कुरकुरला, की तिकडे काळ्या वाळूशिवाय काय आहे, कुणी जात नाही. तरी आला. गालुंगानचा सण होऊन पाचच दिवस झाले होते. साऱ्या गल्लीत दारोदारी सजवलेले बांबू झुकले होते. फक्त आमच्या दारात नव्हता. कोमांगने गाडी थांबवलीच नाही म्हणा ना. म्हणाला, साहेब, सणाला दारात बांबू नाही म्हणजे त्या घरात मयत झालंय, दहन व्हायचं असेल, मला उद्या देवळात जायचंय, सुतक नको. त्याने गाडी वळवली. लवंगांचा वास येत होता. मी उतरलो नाही. आईच्या दहनाला जो आला नाही, त्याने कुठल्या तोंडाने उतरायचं?

आपल्याकडे दहनाला महिने, कधी वर्षंही लागतात, म्हणून विनंती एवढीच, की एम्बोकचं दहन अजून व्हायचं असेल तर तारीख कळवा. हे तरी चुकू नये.

आपला,
केतुत


तेजाकुला, ३ सप्टेंबर १९९६

चि. केतुत यास अनेक आशीर्वाद.

दहनाची तारीख ठरलेली नाही, कारण मी अजून मेलेले नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखन होतं तसंच आहे. त्या दिवशी मी मागच्या अंगणात लवंगा उलटत होते. गाडी आली, वळली, गेली. कुणीतरी रस्ता चुकला असेल म्हणून मी उठले नाही. मेलेल्या बायका लवंगा वाळत घालतात का रे? तुझ्या नाकाला कळलं आणि डोक्याला कळलं नाही. वर्गातही तुझं असंच होतं.

बांबू नव्हता, कारण तो उभा करायला दोन माणसं लागतात. एकाने धरायचा, दुसऱ्याने खड्डा भरायचा. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. शेजारचे पहिल्या वर्षी विचारायला आले होते, मी बघते म्हणाले. पुन्हा कुणी विचारलं नाही. गावातल्या निम्म्या पुरुषांना मी पाढे शिकवलेत. त्यांच्या दारात जाऊन याचना करणं मला जमत नाही. झावळ्यांची सजावट मात्र दर सणाला करते. पेटीत ठेवते.

इकडे तोंड दाखवू नकोस, असं आईच्या दहनानंतर मीच तुला लिहिलं होतं. रागाने लिहिलं होतं. राग इतकी वर्षं टिकत नाही, नुसती सवय उरते.

गालुंगान दर सात महिन्यांनी येतोच; १८ फेब्रुवारीला मंगळवार आहे, बांबू उभारायचा दिवस. ये. त्याच कोमांगला घेऊन ये, मला त्याच्याशी बोलायचंय. प्रकृतीला जप.

तुझी,
नेंगाह


रॉटरडॅम, २० जानेवारी १९९७

ती. एम्बोकच्या चरणी साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र खिशात घालून फिरतो. तिकीट काढलं होतं. पण छातीत दुखू लागलं, आणि डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यापर्यंत विमानात बसायचं नाही म्हणून दम दिला. अगदी तुझ्यासारख्याच आहेत. इथे खिडकीबाहेर बर्फ आहे. शेजारी कोण राहतं ते मलाही ठाऊक नाही. पुन्हा बोलावशील ना? लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
केतुत


तेजाकुला, १९ फेब्रुवारी १९९७

चि. केतुत यास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंचं ऐक.

काल सकाळी मी पंचायतीच्या प्रमुखाच्या दारात गेले. दोनदा नापास केलेला विद्यार्थी आहे माझा. मला बांबू लावून हवाय म्हटलं. तो पटकन उठला, की बाई, आम्हाला वाटलं तुम्हाला आवडणार नाही. चौघे आले. जुन्या सजावटी वाळून तुटल्या होत्या, फक्त यंदाची टिकली. बांबू रस्त्याच्या बाजूला जरा जास्तच कलला आहे. सरळ करा म्हणून मी सांगितलं नाही. ते कॉफी पिऊन गेले. नंतर मी बराच वेळ दारात उभी होते. कुठलीच गाडी आली नाही.

२६ मार्चला बांबू नियमाप्रमाणे उतरवतील. उन्हाळ्यात येशील तेव्हा दार पुन्हा मोकळंच दिसेल. ड्रायव्हर काय वाटेल ते म्हणो, तू गाडीतून उतर. मी मेलेली असले तरी उतर.

वाट पाहते.

तुझी,
नेंगाह