पाद्रीणबाईचा फोटो

केरकिनी,
गुरुवार, २९ जानेवारी

प्रिय प्रोद्रोमोस,

तू ठणठणीत असशील, किरियाकी वेळेवर जेवायला घालत असेल आणि तू लेकीच्या स्वयंपाकाला नावं ठेवत असशील, असं धरून चालतो. आम्ही दोघं बरे आहोत. सोफियाचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघ्याहून जास्त सोफिया.

तळं यंदा फार खाली गेलंय. धक्क्यापासून होडीपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं. बेलेस डोंगरावर कमरेएवढं बर्फ आहे, सकाळी लव्हाळ्यात पाणी गोठतं. पेलिकनांच्या चोचीखालच्या झोळ्या मात्र लालभडक झाल्यात, त्यामुळे फोटोवाल्यांची झुंबड उडालीय. परवा चार इटालियन होडीत बसवले. एकाची बोटं इतकी गारठली की ऐन वेळी बटण दाबता येईना. "थांबव त्यांना, थांबव!" म्हणून माझ्यावरच ओरडतोय. म्हटलं, "बाबा रे, पक्षी आहेत ते, माझे मेहुणे नव्हेत, सांगितलं की थांबायला."

आनेस्तीच्या कॅफेत तुझी खिडकीजवळची खुर्ची अजून कुणी बळकावलेली नाही. पोस्टमन बसायला गेला तर आनेस्ती म्हणाला, "ऊठ, माणूस येतोय तिथं." दोन वर्षं हेच म्हणतोय तो.

आता तू म्हणशील, दर रविवारी फोनवर बोलतो, मग ह्या म्हाताऱ्याला पत्राची हुक्की कुठून आली? सोफियाही तेच विचारते. "नुसत्या येरझाऱ्या घालतोयस, बस की एका जागी! जमीन झिजवशील." बसवत नाही, गड्या. तीन कागद फाडून झालेत. फोनवर तू "बोल" म्हणालास की मी हवापाण्यावर घसरतो. आताही तेच चाललंय, बघ.

किर्सी आलीय. फिनलंडची ती, दर हिवाळ्यात हट्टानं फक्त तुझ्याच होडीत बसायची. सोमवारी तिनं मला बोलावून संगणकावर एक फोटो दाखवला. तुझी लाडकी पेलिकन, पाद्रीणबाई. तीच वाकडी चोच, तेच विस्कटलेले कुरळे केस, आणि आ वासलेली केवढी ती झोळी! फोटो थेसालोनिकीच्या प्रदर्शनात लागणार आहे, किरियाकीच्या घरामागच्या सभागृहात, चौदा फेब्रुवारीच्या शनिवारी. किर्सी तुला बोलावणारच. तू जाणारच.

तो फोटो माझ्या होडीतून काढलेला आहे, प्रोद्रोमोस.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात तू पार्थेनावहिनींच्या उशाशी, इस्पितळात होतास. किर्सी आली तेव्हा मीच तिला तळ्यात नेलं. तुझी पाद्रीणबाई माझ्या होडीकडे कधी फिरकायची नाही, त्या दिवशी आली. तुलाच शोधत होती बहुतेक. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मासे फेकत सुटलो. बादली रिकामी झाली, किर्सी म्हणाली, "अजून एकदाच." होडीच्या तळाशी एक मासा उरला होता, पहाटे गळाच्या दोरीवरून काढलेला. गळ पार घशात गेला होता म्हणून मी नुसती दोरी कापली होती, म्हटलं घरी काढू. ते साफ विसरलो. फेकला. तिनं तो हवेतच झेलला आणि गिळताना चोचीच्या कोपऱ्यात वीतभर दोरी लटकताना दिसली. मी वाकून हात घातला, तर ती उडाली.

तू प्रत्येक माशाच्या तोंडात बोट फिरवून मगच फेकायचास. मी तुला सगळ्यांसमोर "सुईण" म्हणून चिडवायचो.

पुढचं तुला ठाऊक आहे. तुला वाटतं, सगळं ठाऊक आहे. वहिनी गेल्या. तू परत आलास आणि जानेवारीभर रोज सकाळी बादली घेऊन धक्क्यावर बसलास. म्हणालास, "ती आली तर राहतो. नाही आली तर लेकीकडे जातो, मग इथं माझी वाट बघणारं कोण उरलं?" आणि मी शेजारी बसून कॉफी पीत होतो! म्हणत होतो, "प्रेस्पाच्या तळ्यावर गेली असेल, येईल." रोज म्हणत होतो. तुझी होडी तू उलटी घातलीस तेव्हा दुसरी बाजू मीच धरली होती.

ती मेली, असं कुणी पाहिलं नाही. पण त्यानंतर आलीही नाही. आपल्याकडचं एकही पाखरू मी ओळखत नाही असं होणार नाही, तुला माहीत आहे.

फोटोत ती दोरी दिसते. मासा हवेत, त्याच्या तोंडातून निघालेली बारीक चमकती रेघ, आणि कडेला हात. लाल-हिरव्या पट्ट्यांचा हातमोजा. वहिनींनी विणून दिलेला. जगात कुणाला कळलं नसतं तरी तुला कळलं असतं.

किर्सीलाही ती रेघ आत्ता, प्रदर्शनासाठी फोटो निवडतानाच दिसली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "नको असेल तर लावत नाही." मी लगेच म्हटलं, "नको लावूस." हो, तेच म्हणालो! घरी आलो, दोन रात्री येरझाऱ्या घातल्या. काल सकाळी इटालियन धक्क्यावर ताटकळत ठेवले आणि तिच्या खोलीचं दार ठोठावलं. म्हटलं, "लाव. मोठा करून लाव."

तू घर सोडलंस ते ती आली नाही म्हणून. ती का आली नाही ते मला माहीत होतं. एवढंच सांगायला मला दोन वर्षं लागली. मी भ्यालो होतो. तू तोंड फिरवशील म्हणून तुला जाऊ दिलं, आणि तू गेलासच.

त्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी सभागृहाच्या पुढच्या दाराशी उभा असेन, तोच हातमोजा घालून. आत येणार नाही. तू आधी फोटो नीट बघ. मग पुढच्या दारानं बाहेर आलास तर तुला हवं ते बोल, हवं तर सगळ्यांसमोर बोल. मागच्या बाजूलाही दार आहे, मी किर्सीला विचारून घेतलंय. तिथून गेलास तरी तुझ्यावर माझा राग नाही.

तुझ्या होडीला काल डांबर लावून ठेवलं. ते कशासाठी, ते विचारू नकोस.

आता प्रत्येक माशाच्या तोंडात बोट घालणारा,
त्या एकाच्या तोंडात न घातलेला,

लाझारोस