मेनेगोचा गुडघा

२६ जानेवारी, रविवार
कार्निवलच्या गुरुवारी व्हेनिसच्या सान मार्को चौकात यंदा आमच्या सान निकोलो मोहल्ल्याचा माणसांचा मनोरा सगळ्यात उंच. खालच्या थरात मधोमध माझा पोरगा मेनेगो. पलीकडच्या कास्तेल्लो मोहल्ल्याच्या लाल टोप्या फार वर्षं जिंकल्या. आपल्या माणसांनी डोक्यावर घेतलं की कास्तेल्लोच्या जहाजगोदीतली ती पोरगी विसरेल, घरातच राहील. ठरलं.

२८ जानेवारी
घरीच सराव सुरू. मीच त्याच्या खांद्यावर बसले. मी काही हलकी नाही. गुडघा वाकला की डोक्यात डावाचा फटका. मान मोडेल म्हणाला. मोडू दे म्हटलं, गुडघा वाकता कामा नये.

३० जानेवारी
मनोऱ्याचा नाईक बोर्तोलो दारात. मेनेगो सरावाला येतच नाही म्हणे. रोज संध्याकाळी कास्तेल्लोत दिसतो म्हणे. दिसणारच! त्यांच्या युक्त्या चोरून बघायला जातो. बोर्तोलो हसला. मासे मारून मारून मेल्याची अक्कलही खारवलीय.

२ फेब्रुवारी
मेनेगोचे खांदे सोलवटलेत. कशानं, सांगेना. हेरगिरी म्हणजे भिंती चढणं आलंच. तेल चोळलं. शेजारीण ओर्सेता म्हणते, पोरगा हातचा गेला, बाई. स्वतःचा नवरा कुठं असतो ते बघ म्हणावं.

५ फेब्रुवारी
आमच्या मोहल्ल्याची काळी टोपी शिवली त्याला. न घेताच गेला. विसरभोळा, बापावर गेलाय. उद्या चौकात देईन.

६ फेब्रुवारी, गुरुवार
टोपी घेऊन गेले. आमच्या थरांत मेनेगो नव्हता. पाचव्या थराला सगळे कोसळले, बोर्तोलोचं नाक फुटलं. मग कास्तेल्लोचा मनोरा. खालच्या थरात, मधोमध, लाल टोपीत मेनेगो.
शेवटचा गडी चढताना त्याचा गुडघा लटपटला. आमची माणसं ओरडत होती, पड, पड. मी ओरडले, मेल्या, गुडघा ताठ!
त्यानं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा.
ते जिंकले. परतीच्या होडीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. गार वारं होतं, म्हणून आत बसले असतील.

७ फेब्रुवारी
मेनेगो आला नाही. दमला असेल. सकाळी त्या पोरीचा भाऊ आला, मेनेगोचे कपडे मागायला. गाठोडं बांधलं, वर काळी टोपी ठेवली. थंडी आहे. त्यानं दारातच टोपी काढून माझ्या हातात दिली. ही नको म्हणाला, मावशी.
आता मीच घालते. मोठी होते. डोळ्यांवर येते.